होमस्टेचे कॅमेरे क्लाउडवरून घरात आणताना : गुहागर तालुक्यातल्या एका कामाच्या नोंदी

घर चिऱ्याचं, कौलारू, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात. चार खोल्या पाहुण्यांना दिलेल्या. मालक मुंबईला, घर सांभाळायला वाडीतलंच एक जोडपं. मागे आगर, त्यापलीकडे कलमांची बाग. काम हातात घेतलं तेव्हाचा सरंजाम असा : वायफायचे पाच कॅमेरे, दाराची व्हिडिओ बेल, माजघरात स्मार्ट स्पीकर, चार गिझरना स्मार्ट प्लग, दोन स्मार्ट टीव्ही. सगळं मिळून चार ॲप.

मालकांना मुंबईतून फाटक दिसायला हवं, पण चित्र घराबाहेरच्या कुठल्या सर्व्हरवर साठायला नको. पाहुण्यांच्या खोल्यांतलं तर काहीच साठायला नको, घरातल्या कॉम्प्युटरमध्येसुद्धा.

५ ऑक्टोबर २०२५ : यादी

वायरला हात लावण्याआधी कागद घेतला. प्रत्येक वस्तूपुढे चार रकाने : खातं कोणाच्या मोबाइल नंबरवर, कोणाकोणाला शेअर केलंय, रेकॉर्डिंग कुठे साठतं, माइक आहे का. यातला पहिलाच रकाना भारी पडला. पाचही कॅमेऱ्यांचं मूळ खातं ज्याने ते बसवले त्याच्या नंबरवर निघालं. मालकांच्या फोनवर जे दिसत होतं ते त्या खात्यातून ‘शेअर’ केलेलं.

आपल्याकडे हे सर्रास होतं. बसवताना ओटीपी लागतो, मालक मुंबईला, फोन लागत नाही, मग बसवणारा स्वतःचा नंबर टाकून मोकळा होतो. त्यात बहुतेक वेळा वाईट हेतू नसतो. पण मूळ खातेदाराला थेट चित्र दिसतं, आवाज ऐकू येतो, जुन्या क्लिप उघडता येतात. मालकाने आपला पासवर्ड कितीही वेळा बदलला तरी त्याला काही फरक पडत नाही. कॅमेऱ्याचं रिसेट बटण दाबूनही उपयोग होईलच असं नाही. अशा बऱ्याच कॅमेऱ्यांची खात्याशी बांधणी कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि ती मूळ खात्यातूनच सुटते. म्हणून त्यालाच बोलावून घेतलं. त्याच्या फोनवर आधी क्लाउडमधल्या क्लिप पुसल्या, मग एकेक कॅमेरा खात्यातून काढला. हा क्रम उलटा करू नका. कॅमेरा काढला की क्लिप दिसेनाशा होतात, पुसल्या गेल्यात असा त्याचा अर्थ नाही. कॅमेऱ्यांतली मेमरी कार्डंही काढून फॉरमॅट केली.

पडवीतला कॅमेरा खोल्यांच्या दारांवर रोखलेला होता, तो त्याच दिवशी उतरवला. एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आतल्या कॅमेऱ्यांना जगभर बंदी केली आहे, मग तो बैठकीच्या जागेत असो वा पॅसेजमध्ये. हे घर तिथे नोंदलेलं नाही, पण नियम घेण्यासारखा आहे.

स्पीकरचा प्रकार वेगळा. मालकांच्या फोनमधल्या ॲपात ‘आवाजाचा इतिहास’ उघडला तर पाहुण्यांनी दिलेल्या आज्ञा तारीखवार लावलेल्या, वर ऐकायचं बटण. साडेपाचचा गजर, भजनं, मधेच लहान मुलांचा आवाज. मालकांनी ते पान कधी उघडलंही नव्हतं. शिवाय दुसऱ्या गावाहून स्पीकरमार्फत थेट खोलीत बोलायची आणि ऐकायची सोय चालू होती. इतिहास पुसला, सोय बंद केली, स्पीकर खात्यातून काढून मुंबईला धाडला. पाहुण्यांच्या घरात त्याचं काही काम नाही.

७ ऑक्टोबर : बाहेर काय जातं

नेट देणाऱ्याच्या राउटरमध्ये नाव आणि पासवर्ड सोडून फारसं काही बदलता येत नव्हतं. त्यामागे ओपनडब्ल्यूआरटी (हवे तसे नियम घालू देणारी मुक्त प्रणाली) चालणारा राउटर लावला (₹४,२००). एका राउटरमागे दुसरा, म्हणजे नॅटवर नॅट (पत्त्यांची दुहेरी अदलाबदल) झालं, त्याने या कामात काही बिघडत नाही. मिनी पीसीवर पाय-होल (ही विचारणा नोंदवणारं आणि अडवणारं सॉफ्टवेअर) टाकून एक रात्र सगळ्यांची डीएनएस विचारणा, म्हणजे कोण कुठल्या साइटचा पत्ता विचारतं ते, नोंदवली.

सर्वांत बोलघेवडे टीव्ही, तेही स्टँडबायवर. अमेरिकेत व्हिझिओ या टीव्ही कंपनीने प्रेक्षक काय पाहतात ते टीव्हीतूनच गोळा केल्याबद्दल २०१७ साली २२ लाख डॉलर मोजून प्रकरण मिटवलं होतं, ते आठवलं. इथल्या टीव्हींतले ‘पाहण्याची माहिती’ आणि जाहिरातींबाबतचे पर्याय बंद केले. त्यांची बडबड थोडी कमी झाली, थांबली नाही.

डीएनएसची नोंद हे अर्धंच चित्र. दोन कॅमेरे राउटरला न विचारता थेट गूगलच्या ८.८.८.८ या डीएनएस सर्व्हरला विचारत होते, म्हणून पाय-होलमध्ये दिसतच नव्हते. पोर्ट ५३, म्हणजे डीएनएसच्या ठरलेल्या दारावरची सगळी विचारणा राउटरवर अडवून पाय-होलकडे वळवली, मग दिसले. जी उपकरणं हीच विचारणा एचटीटीपीएसमधून, म्हणजे वेबच्या कुलूपबंद रहदारीत मिसळून, करतात ती अशीही सापडत नाहीत. तेव्हा पाय-होल पाहण्यापुरतं ठेवायचं आणि अडवायला फायरवॉल, म्हणजे राउटरवरची रहदारी रोखणारी चौकी.

९ ऑक्टोबर : कप्पे, आणि आयपीव्ही सिक्सची पळवाट

राउटरवर चार कप्पे, म्हणजे एकमेकांपासून तोडलेली चार नेटवर्क, केले : घर, पाहुणे, कॅमेरे, उपकरणं. कॅमेऱ्यांच्या कप्प्यातून बाहेर काहीच जायचं नाही. मिनी पीसीने मात्र आत शिरून चित्र उचलायचं. यूपीएनपी बंद, नाहीतर उपकरणं स्वतःच राउटरला दारं उघडायला लावतात. पाहुण्यांच्या वायफायवर एका फोनला दुसरा फोन दिसू नये हा पर्याय चालू. आणि पाहुण्यांच्या कप्प्याला पाय-होल मुद्दाम लावला नाही. लावला असता तर कोण रात्री कुठली साइट पाहतं याची वही आपल्याच घरात तयार झाली असती. कंपनीची पाळत काढून मालकाची बसवायची असेल तर एवढा खटाटोप कशाला?

चाचणीसाठी एक जुना कॅमेरा मालकांच्या नव्या खात्यात जोडून ठेवला होता. त्याच्या १९२.१६८.३०.११ या पत्त्यावर ‘बाहेर जाणं बंद’ असा नियम घातला. मोबाइल डेटावरून ॲप उघडलं तर चित्र सुरळीत चालू! राउटरवर टीसीपीडम्प (येणारीजाणारी रहदारी दाखवणारं साधन) लावल्यावर कळलं : नेट देणारा आयपीव्ही सिक्स (नव्या पद्धतीचे पत्ते) देतो, कॅमेऱ्याने तो पत्ताही घेतला होता, आणि आपला नियम फक्त जुन्या, आयपीव्ही फोरच्या पत्त्याला लागू होता. पुढच्या दाराला कुलूप, मागचं सताड उघडं.

एकेका पत्त्याचे नियम काढून टाकले. ओपनडब्ल्यूआरटीच्या फायरवॉलमध्ये कॅमेऱ्यांच्या झोनला बाहेरच्या झोनकडे फॉरवर्ड दिलाच नाही. हे दोन्ही प्रकारच्या पत्त्यांना लागू होतं. वर त्या कप्प्यात आयपीव्ही सिक्स वाटणंच बंद केलं. मग ॲप ‘ऑफलाइन’ म्हणालं. अडवल्याची खात्री नेहमी अशी करा : फोनचं वायफाय बंद, मोबाइल डेटा चालू, ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडलेलं. एरवी फोन घरच्याच वायफायवर असतो, चित्र घरातल्या घरात येतं आणि नियम फसला असं वाटतं.

११ ते १३ ऑक्टोबर : जुने कॅमेरे बाद, नवी वायर

पाचपैकी तीन कॅमेऱ्यांना आरटीएसपी नाही, म्हणजे ॲपशिवाय चित्र मिळायचा रस्ताच नाही. नेट तोडल्यावर ते दर काही मिनिटांनी रिस्टार्ट होऊन इंग्रजीत ओरडायला लागले. उरलेल्या दोघांचं वायफाय चिऱ्याच्या नऊ इंची भिंतीपलीकडे तुटत होतं. पाचही बाद. त्याजागी पीओईचे, म्हणजे नेटच्या वायरीतूनच वीज घेणारे चार कॅमेरे, प्रत्येकी ₹३,४००. घेताना दोनच गोष्टी पाहिल्या : आरटीएसपी आणि ऑनव्हिफ (वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांना जोडणारं मानक) आहे का, आणि ॲप न वापरता ब्राउझरमधून पहिला पासवर्ड घालता येतो का. ९ एप्रिल २०२५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या निकषांची चाचणी सक्तीची आहे. ती असलेलाच घ्यावा, पण चाचणी उत्तीर्ण कॅमेराही ॲपला जोडला की चित्र बाहेर जाणारच.

‘कॅमेऱ्यातच साठतं, क्लाउड नाही’ या पाटीवरही विसंबू नका. २०२२ साली युफीच्या कॅमेऱ्यांतून छोटी चित्रं क्लाउडवर जात असल्याचं उघड झालं, आणि त्या कंपनीची जाहिरातच ‘सगळं घरात’ अशी होती.

वायरीत पैसे वाचवू नका. चिपळूणहून आणलेली पहिली पेटी स्वस्त होती. नखाएवढा तुकडा ब्लेडने खरवडला तर आत पांढरी तार, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. लांब अंतरावर पीओईचा विजेचा दाब पडतो आणि खाऱ्या हवेत जोड पावसाळाभरही टिकत नाही. परत करून शुद्ध तांब्याची ३०५ मीटरची पेटी आणली (₹९,८००). दुकानातच खरवडून पाहायला हवी.

किनाऱ्यावरचा खरा शत्रू म्हणजे आरजे ४५ चा, म्हणजे नेटच्या वायरीच्या टोकाचा जोड. पीओईचा डीसी दाब आणि खारा दमट वारा एकत्र आले की पिनांवर हिरवा थर चढतो आणि कॅमेरा मधूनमधून मरायला लागतो. प्रत्येक कॅमेऱ्यामागे वॉटरप्रूफ डबी, जोड डबीच्या आत, पिनांवर सिलिकॉन ग्रीस, आणि डबीत शिरण्याआधी वायरीला खाली झोल, म्हणजे पाणी झोलावरून टपकतं. चिऱ्यात भोक पाडायला ३०० मिलीमीटर लांबीचा १२ चा बिट लागला. भोक बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवलं.

बागेचं फाटक घरापासून १४० मीटर. तांब्याच्या इथरनेटची हद्द १०० मीटर, म्हणून फायबर आणि तिला तांब्याशी जोडणारे दोन मीडिया कन्व्हर्टर (जोडकामासह ₹४,९००). फायबरचा दुसरा फायदा असा की बागेत वीज पडली तर तिचा झटका वायरीतून घरात येत नाही. ९० मीटरवर असता तरी इथे फायबरच टाकावी.

१४ ऑक्टोबर : कोन

एवढं सगळं करून काम फुकट जातं ते कोनात. मागच्या दारचा कॅमेरा आधी होता त्याच खिळ्यावर लावायला घेतला, तर घर सांभाळणाऱ्या वहिनी म्हणाल्या, “भाऊ, धुणंभांडी तिथंच होतात, न्हाणीतून बाहेर येताना वाटही तीच. मुंबैला बसून काय ते बघायचंय?” बरोबर होतं. मागून चोर येणार तर बेड्यातून, म्हणजे कुंपणातल्या वाटेतून येणार, दारातून उगवणार नाही. कॅमेरा गडग्यालगतच्या (दगडी कुंपणालगतच्या) खांबावर नेऊन फक्त बेड्यावर रोखला. वायर बरीच जास्त लागली.

पुढच्या फाटकाच्या कॅमेऱ्यात पाणंद आणि शेजाऱ्यांची विहीर येत होती. कॅमेरा खाली झुकवून विहीर गेली; पाणंदीचा उरलेला पट्टा झाकावा लागला. झाकण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत होते. फ्रिगेट या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधला मास्क फक्त ‘इथली हालचाल धरू नको’ एवढंच सांगतो, रेकॉर्डिंगमध्ये तो भाग स्वच्छ दिसतो. चित्र खरोखर काळं करायचं तर कॅमेऱ्याच्या स्वतःच्या पानावर जाऊन प्रायव्हसी मास्क काढायचा. तो काळा चौकोन कॅमेऱ्यातूनच चित्रासोबत येतो, मागून पुसता येत नाही. कॅमेऱ्याच्या मुख्य (पूर्ण दर्जाच्या) आणि दुय्यम (कमी दर्जाच्या) दोन्ही प्रवाहांत तो दिसतो का, हे तपासलं. काम झाल्यावर शेजारच्या काकांना बोलावून स्क्रीनवर काळा पट्टा दाखवला.

फिरणारे कॅमेरे घेतले नाहीत. तो आज कुठे पाहतोय हे खाली उभ्या माणसाला कळत नाही.

१६ ऑक्टोबर : फ्रिगेट

इंटेलच्या एन १०० चिपचा मिनी पीसी (₹१७,५००), त्यावर फ्रिगेट आणि होम असिस्टंट (घरातली उपकरणं एका जागेवरून चालवणारं सॉफ्टवेअर). मुख्य प्रवाह रेकॉर्डिंगला, दुय्यम प्रवाह सेकंदाला ५ फ्रेमवर माणूस-गाडी ओळखायला. ओळखण्याचं काम इंटेलच्या चिपवरच ओपनव्हिनो या सॉफ्टवेअरने भागतं, वेगळं काही घ्यावं लागलं नाही.

साठ्याचा हिशोब : एच २६५ (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत), २ एमबीपीएस, म्हणजे एका कॅमेऱ्याचे दिवसाला २१.६ जीबी. चार कॅमेरे, सात दिवस, साधारण ६०५ जीबी. २ टीबीची डिस्क आणली (₹६,१००), १ टीबी पुरली असती. जागा उरली म्हणून दिवस वाढवलेले नाहीत. चेहरे ओळखणं आणि गाडीचा नंबर वाचणं दोन्ही बंद. माइक कॅमेऱ्याच्या पानावरच बंद केले. फ्रिगेटमध्ये आवाज न साठवण्याचा पर्याय आहे, पण प्रवाहात आवाज राहिला तर तो थेट पाहताना ऐकू येऊ शकतो.

रात्री खोट्या सूचनांचा पाऊस. कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यावर किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि भिंगासमोर जाळं विणतो. कॅमेऱ्याचा दिवा बंद करून तीन फूट बाजूला वेगळा इन्फ्रारेड दिवा लावला, जाळं आता तिकडे होतं. कॅमेरे पागोळ्यांच्या आत, वाशाला घेतले. माडाच्या झावळीपुढे मास्क. वानरांना फ्रिगेट अधूनमधून माणूस समजतो, त्यावर इलाज सापडलेला नाही.

दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलेलं, काम बंद.

२७ ऑक्टोबर : वीज गेली, घड्याळं गेली

गडगडाटी पावसात रात्रभर लाइट नव्हती. सकाळी दोन कॅमेऱ्यांच्या चित्रावर १९७० सालची तारीख. कॅमेरे बाहेर जाऊ शकत नाहीत, मग वेळ विचारणार कोणाला? राउटरवर एनटीपी सर्व्हर चालू केला आणि प्रत्येक कॅमेऱ्यात वेळेच्या सर्व्हरच्या जागी राउटरचा पत्ता हाताने लिहिला. डीएचसीपीतून (जोडताना उपकरणाला आपोआप मिळणाऱ्या माहितीतून) पत्ता दिला होता, पण या कॅमेऱ्यांनी तो घेतला नाही. चोरीची तक्रार करायची झाली तर चुकीची तारीख असलेलं चित्र घेऊन कुठे जाणार?

राउटर, स्विच आणि मिनी पीसीला यूपीएस दिला (₹६,५००). बाहेरच्या तिन्ही तांब्याच्या वायरींना सर्ज प्रोटेक्टर आणि नवं अर्थिंग (₹५,६००). कातळात अर्थिंग बसत नाही, रोध उतरत नाही. खड्डा आगरात, ओल राहते तिथे घेतला.

२ नोव्हेंबर : गिझरचे प्लग

गिझर कधी किती वीज खातो याचा आलेख म्हणजे कोण कधी आंघोळ करतं याचा आलेख. जुने प्लग तो परदेशी सर्व्हरवर पाठवत होते. फर्मवेअर, म्हणजे प्लगमधलं सॉफ्टवेअर, बदलून पाहिलं : दोन जुने प्लग तुया-क्लाउडकटर या साधनाने क्लाउडपासून सुटले, दोन नव्यांत ती वाट बंद केलेली निघाली. ते उघडून सोल्डर करता येतात, पण डकवलेलं कवच कापून पुन्हा २ किलोवॅटच्या गिझरला, तेही न्हाणीघरात? नको. चारही ठिकाणी १६ अँपिअरचे झिगबी प्लग, म्हणजे वायफायविना घरातल्या घरात बोलणारे (प्रत्येकी ₹१,९००), आणि त्यांच्याशी बोलायला यूएसबी डाँगल (₹२,३००). डाँगल थेट पीसीत खोचला तर यूएसबी ३ च्या पोर्टाजवळ त्याचं ऐकू येणं कमी होतं. मीटरभर एक्स्टेंशन केबल लावली. वायफाय चॅनल १ वर, झिगबी २५ वर, म्हणजे दोघं एकमेकांत मिसळत नाहीत.

तरी दुपारी दोन खोल्यांचे प्लग नेटवर्कवरून गायब होत. कारण साधं : आंघोळ झाली की माणूस गिझरचं बटण भिंतीवरूनच बंद करतो. झिगबीत विजेवरचा प्रत्येक प्लग पुढच्याला निरोप पोचवतो. मधला मेला की पुढचे तुटतात. माळ्यावर इन्व्हर्टरच्या लाइनवर दोन रिपीटर कायमचे लावले (₹१,८००), मग बसलं.

होम असिस्टंट मुळात दहा दिवसांचा इतिहास ठेवतो. खोल्यांतल्या प्लगांचं बंद-चालू आणि विजेचं माप त्यातून वगळलं. ४५ मिनिटांनी गिझर आपोआप बंद होतो, यापलीकडे त्या प्लगांबद्दल कुठेही काही लिहिलं जात नाही.

८ नोव्हेंबर : मुंबईतून पाहणं

राउटरला मिळालेला बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तो सीजीनॅटचा, म्हणजे अनेक ग्राहकांत वाटून दिलेला, बाहेरून थेट घरात येता येत नाही. इथे तेच. आयपीव्ही सिक्सवर वायरगार्ड (घरापर्यंतचा कुलूपबंद बोगदा) लावून पाहिलं : मालकांच्या मोबाइल डेटावरून चाललं, ऑफिसच्या वायफायवरून नाही, कारण तिथे आयपीव्ही सिक्स नाही. शेवटी टेलस्केल, हाच बोगदा सीजीनॅटमधूनही जोडून देणारी सेवा. त्यांच्या सर्व्हरला उपकरणांची नावं आणि पत्ते कळतात, चित्र कळत नाही. थेट वाट मिळाली नाही तर चित्र त्यांच्या मधल्या सर्व्हरमधून जातं, पण कुलूपबंद. उपकरणांना गावाचं, घराचं नाव न देता साधे आकडे दिले.

सूचनांचं लक्षात ठेवा. होम असिस्टंटची फोनवरची सूचना एरवी गूगलच्या सर्व्हरमार्फत येते. अँड्रॉइडवर ‘कायम जोडणी’चा पर्याय चालू केला की ती थेट घरातून येते. बॅटरी थोडी जास्त जाते.

‘कंपनीची माणसं कशाला आपलं बघतील’ हा मालकांचा प्रश्न सुरुवातीपासून होता. अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहकहिताच्या सरकारी संस्थेने २०२३ साली रिंग या कॅमेरा कंपनीवर ठेवलेला ठपका नेमका तो होता : कर्मचाऱ्यांना ग्राहकांच्या घरातले व्हिडिओ पाहता येत होते. ५८ लाख डॉलरवर ते मिटलं. व्हिडिओ बेल काढून साधी घंटी लावली. दाराबाहेरचं चौथा कॅमेरा पाहतो.

२३ नोव्हेंबर : पाटी, कागद, हिशोब

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ घरगुती कामासाठीच्या डेटाला लागू होत नाही, पण होमस्टे हा धंदा आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, बहुतेक जबाबदाऱ्या पुढे टप्प्याने लागू होतील. तोवर थांबायचं कारण नाही. फाटकावर मराठी आणि इंग्रजीत पाटी लावली : चार कॅमेरे कुठे आहेत, आवाज घेतला जात नाही, सात दिवसांनी पुसलं जातं, घराच्या आत कॅमेरा नाही. हाच मजकूर बुकिंगच्या निरोपातही जातो. टीव्ही पाहुण्यांच्या कप्प्यात आहेत. खोली रिकामी झाली की फॅक्टरी रिसेट, कारण लोक आपली खाती त्यातच उघडी टाकून जातात.

खर्च : वर आलेले आकडे, शिवाय पीओई स्विच ₹४,३०० आणि डब्या, पाइप, ग्रीस वगैरे ₹३,१५०. एकूण ₹८७,३५०, मजुरी वेगळी. क्लाउडची वर्गणी वाचली म्हणून हे भरून निघेल असं समजू नका.

पासवर्डांचा कागद मालकांकडे, दुसरी प्रत बंद पाकिटात घरातल्या कपाटात. वहिनींच्या फोनवर फक्त फाटक आणि बेडं दिसतं, जुनं रेकॉर्डिंग फक्त मालकांना. घर सांभाळणारं माणूस बदललं तर टेलस्केलमधून तो फोन आधी काढायचा, मग होम असिस्टंटमधलं खातं. बागेच्या फाटकावरचा मीडिया कन्व्हर्टर उन्हात तापतो, त्याच्या डबीला मार्चआधी सावली करायची राहिली आहे.